दोषापासून धाग्याकडे: वस्त्र-अभियांत्रिकी कशी शिकावी

प्रशिक्षणार्थी म्हणून मी ज्या कारखान्यात रुजू झालो तेथे साधे, धोट्याचे यंत्रमाग होते आणि कापड रंगवण्यासाठी बाहेरच्या प्रोसेस हाऊसकडे जात असे. तिसऱ्या आठवड्यात निळ्या रंगात रंगून आलेल्या ताग्यांवर आडवे पट्टे दिसले: हातभर कापड गडद, पुढचे हातभर फिकट, पुन्हा गडद. विणाई खात्याने रंगाईला दोष दिला, रंगाईवाल्यांनी सुताला, आणि सूत पुरवणाऱ्याने आपला चाचणी-अहवाल पुढे केला. आमच्या खात्यातील एक ज्येष्ठ पर्यवेक्षक मात्र तागा घेऊन खिडकीशी गेले, पट्ट्याच्या दोन्ही कडांवर त्यांनी खडूने खूण केली आणि फूटपट्टीने अंतर मोजले. ते साडेअठरा इंच भरले.

मग त्यांनी मला हिशेब घालून दिला. बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, सूत चाळीस नंबरचे होते (नंबर हे सुताच्या बारीकपणाचे माप) आणि धोट्यात बसणाऱ्या एका कांडीवर साधारण ३० ग्रॅम सूत मावत असे. चाळीस नंबरच्या सुताचे १,००० मीटरला वजन १४.८ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे एका कांडीवर दोन किलोमीटरहून थोडे अधिक सूत होते. कापडाची रुंदी आणि धाग्याचा कुरळेपणा धरून एका आडव्या धाग्याला, म्हणजेच एका पिकाला, सव्वा मीटर सूत लागत होते. त्यावरून एका कांडीत सुमारे १,६०० पिके निघतात, आणि इंचाला ८८ पिके असतील तर तेवढ्यात साडेअठरा इंच कापड विणून होते. पट्टा जिथे संपत होता, तिथेच कांडी संपत होती. रंगाईची चूक असती तर तिला कांडीचे माप पाळण्याचे काही कारण नव्हते.

त्यानंतर त्यांनी गडद आणि फिकट अशा दोन्ही पट्ट्यांतून प्रत्येकी ५० आडवे धागे ओढून काढले, सारख्या लांबीला कापले आणि तोलले. वजन सारखे भरले, म्हणजे नंबरात फरक नव्हता. पीळ मोजला, तोही जुळला. शेवटी दोन्ही नमुने अतिनील दिव्याखाली शेजारी ठेवले तेव्हा एकाची झाक उघडच वेगळी दिसली. कापूसच वेगळा होता. दोन निराळ्या मिश्रणांतून कातलेल्या सुताचे लॉट कांडीखात्यात एकत्र झाले होते. त्यातील एका मिश्रणात अपक्व तंतू जास्त होते, आणि अपक्व तंतूची भिंत पातळ असल्याने तो रंगल्यावर फिकट दिसतो. महाविद्यालयात मी यातील प्रत्येक गोष्ट शिकलो होतो: सुताचा नंबर एका विषयात, पीळ दुसऱ्यात, कापसाची पक्वता तिसऱ्यात, रंगाई चौथ्यात. त्या चार विषयांची सांगड घालून कापडापासून मागे तंतूपर्यंत चालत जाता येते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते, आणि मी स्वतःही ते कधी करून पाहिले नव्हते. हा लेख त्यासाठी लिहीत आहे. या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या सत्रापासून अशा उलट्या वाटेने विचार करण्याची सवय लावून घेतली, तर पदवीचे वर्गही वेगळे वाटू लागतात आणि नोकरीची तयारीही वेगळी करावी लागत नाही.

कोणती शाखा, कोणती संस्था

एकाच क्षेत्राची नावे अनेक असल्यामुळे प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी गोंधळतात. वस्त्र तंत्रज्ञान किंवा वस्त्र-अभियांत्रिकी या नावाच्या बी.टेक. पदवीत मुख्य भर सूतकताई, विणाई, होजिअरी, यंत्रे आणि चाचणी यांवर असतो. वस्त्ररसायन किंवा तंतू व वस्त्रप्रक्रिया तंत्रज्ञान या शाखेत धुलाई, विरंजन, रंगाई, छपाई आणि अंतिम संस्कार हे विषय प्रमुख असतात, आणि तेथे रसायनशास्त्राची आवड नसेल तर चार वर्षे जड जातात. गृहविज्ञान शाखेतही वस्त्र व परिधान हा चांगला अभ्यासक्रम असतो. कापडाची पारख, परंपरागत वस्त्रे, तयार कपड्यांची गुणवत्ता अशा कामांकडे जाणाऱ्यांनी त्याला दुय्यम समजू नये. फॅशन डिझाइन हा मात्र निराळा मार्ग आहे, आणि केवळ दोन्हीकडे कापड असते म्हणून एकाऐवजी दुसरा निवडू नये.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला घराजवळ चांगले पर्याय आहेत. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ मध्ये स्थापन झाली ती शहरातील गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात, आणि तिचे वस्त्रविषयक शिक्षण त्या परंपरेतून आले आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात, १९३३ मध्ये सुरू झाली आणि वस्त्ररसायन हा तेथील आरंभापासूनचा विषय आहे. इचलकरंजीचे डीकेटीई १९८२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. गिरणगाव ओसरत गेले आणि कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागांच्या गावांकडे अधिकाधिक सरकले. इचलकरंजीत शिकण्याचा मोठा लाभ हाच, की महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पडले की माग, सायझिंग (ताण्याला खळ देणे), वार्पिंग (ताणा गुंडाळणे) सर्व काही चालत जाण्याच्या अंतरावर सापडते. नांदेडचे श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थान आणि यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय ही कापूसपट्ट्याच्या जवळची ठिकाणे आहेत. राज्यातील प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतात. दिल्लीच्या आयआयटीत वस्त्रविभागासाठी जेईई ॲडव्हान्स्ड आणि जालंधरच्या एनआयटीसाठी जेईई मेन द्यावी लागते. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात येण्याचा मार्गही उघडा आहे, आणि माझ्या अनुभवात अशा मार्गाने आलेली मुले यंत्रावर अधिक धीट असतात. जागा, शाखांची नावे आणि शुल्क वर्षागणिक बदलते, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. प्रवेशफेरीत संगणक शाखा हुकली म्हणून वस्त्रशाखेत आलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. त्यांनी पहिले संपूर्ण वर्ष खंत करण्यात घालवले, तर ते नुकसान पुढे भरून निघत नाही, कारण सुताचा नंबर, विणींचे प्रकार, तंतूंचे गुणधर्म हा सगळा पाया दुसऱ्या वर्षाअखेर रचून झालेला असतो. पसंतीने आला असाल किंवा नाइलाजाने, निदान दोन सत्रे या विषयाला प्रामाणिकपणे द्यावीत आणि मग निर्णय घ्यावा.

तीन हिशेब, जे झोपेतही आले पाहिजेत

पहिला हिशेब सुताच्या नंबराचा. सुती धाग्याचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ती संख्या. म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. टेक्स पद्धतीत १,००० मीटरचे ग्रॅममधील वजन धरतात आणि डेनिअरमध्ये ९,००० मीटरचे. तेथे आकडा वाढला की धागा जाड होतो. सुती नंबर आणि टेक्स यांचा गुणाकार ५९०.५ येतो, एवढे एक नाते ध्यानात ठेवले तर बाकीचे सर्व रूपांतर त्यातून काढता येते. तीस नंबरचे सूत १९.७ टेक्सचे, हे कागद न घेता सांगता आले पाहिजे.

दुसरा हिशेब कापडाच्या वजनाचा. बाजारात कापडाची ओळख ९२ × ८८ / ४० × ४० अशी सांगतात: इंचात ताण्याचे, म्हणजे उभे, ९२ धागे, बाण्याचे ८८, आणि दोन्ही सुते चाळीसची. ९२ ला ४० ने भागले की २.३, ८८ ला ४० ने भागले की २.२, बेरीज ४.५. तिला २३.२५ ने गुणले की १०४.६ ग्रॅम येतात आणि धाग्यांचा कुरळेपणा पाच टक्के धरला तर चौरस मीटरला सुमारे ११० ग्रॅम. हे २३.२५ कोठून आले हे विद्यार्थ्याने एकदा स्वतः मांडून पाहावे. मीटरमध्ये ३९.३७ इंच असतात आणि वरचे ५९०.५ आहेच, दोन्हींचा गुणाकार हजाराने भागला की तो आकडा हाती येतो. सूत्र पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेनंतर ते विसरतो, आणि मांडून पाहिलेला विसरला तरी पुन्हा मांडू शकतो. कापडाचा भाव ठरवताना, सुताची खरेदी करताना, मजुरी ठरवताना हाच हिशेब लागतो. इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे अशा भाषेत बोलली जाते, आणि पीक म्हणजे काय हे न कळणाऱ्या अभियंत्याला त्या बोलण्यातले काहीच समजणार नाही.

तिसरा हिशेब आर्द्रतेचा, आणि नवे विद्यार्थी नेमके याच्याकडे दुर्लक्ष करतात. कापूस हवेतील पाणी धरून ठेवतो. पूर्ण कोरड्या १०० किलो कापसाचे व्यापारी वजन १०८.५ किलो मानले जाते. पॉलिएस्टरमध्ये हेच प्रमाण केवळ ०.४ टक्का आहे. म्हणून सूत तोलताना ते किती दमट होते हे ठाऊक नसेल, तर त्या वजनाला फारसा अर्थ उरत नाही. आपल्याकडे चाचणी-प्रयोगशाळेत २७ अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखतात आणि नमुना त्या हवेत पुरेसा वेळ ठेवून मगच मोजतात, ते यासाठी. कापसाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की तो ओला झाला की अधिक बळकट होतो. व्हिस्कोज या मानवनिर्मित सेल्युलोज तंतूचे बरोबर उलटे असते. मे महिन्यात विदर्भातील एखाद्या सूतगिरणीत आर्द्रता राखणारी यंत्रणा बिघडली की चात्यांवर (सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या दांड्यांवर) धागे तुटण्याचे प्रमाण का वाढते, याचे बरेचसे उत्तर या एका गुणधर्मात आहे.

नमुन्यांची वही

पाठ्यपुस्तकाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे स्वतः तयार केलेली नमुन्यांची वही. त्यासाठी एक इंच चौकटीचे पिकग्लास (धागे मोजण्याचे भिंग), एक बारीक सुई, धारदार कात्री आणि चिकटपट्टी एवढे साहित्य पुरते. शिंप्याकडील कातरण, जुनी धोतरे, बाबांचा फाटलेला शर्ट, आजीच्या इरकली लुगड्याचा तुकडा, दवाखान्यातील पट्टी, खताच्या पोत्याची विणलेली पट्टी, काहीही चालते. आठवड्याला दोन नमुने घ्यावेत. प्रत्येक नमुन्यातून सुईने धागे सोडवून ताणा कोणता आणि बाणा कोणता हे ठरवावे. किनार असेल तर काम सोपे, नसेल तर कोणत्या दिशेचे धागे अधिक पिळाचे, अधिक दाट आणि खळ दिलेले आहेत यावरून अंदाज बांधावा. इंचातील धागे मोजावेत, वीण आलेखकागदावर उतरवावी, साधी, ट्विल की सॅटिन हे लिहावे, आणि वजनावरून सुताचा नंबर काढावा.

मग जळण्याची चाचणी करावी, चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख सोडतो. लोकर आणि रेशीम यांना जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळते, आकसते आणि कडक मणी मागे राहतो. मिश्र सुतात दोन्ही खुणा एकदम दिसतात आणि तेथेच या चाचणीची मर्यादाही कळते, कारण किती टक्के पॉलिएस्टर आहे हे ज्वाला सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक घटक विरघळवून दुसरा तोलावा लागतो. दोन वर्षे अशी वही नेमाने ठेवलेल्या विद्यार्थ्याकडे दोनशे कापडे असतात, आणि कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा ती वही मुलाखतीत अधिक बोलते. सोलापूरची चादर, पैठणी अशा भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्त्रांचे नमुने मिळाले तर अवश्य घ्यावेत, मात्र पैठणीचा काठ आणि पदर कसा विणला जातो हे येवला-पैठणला हातमागाशी बसून पाहिल्याखेरीज वहीत लिहू नये.

कारखान्यातील प्रशिक्षण

उन्हाळी प्रशिक्षणाला विद्यार्थी जातात, कार्यालयातून यंत्रांची यादी उतरवून घेतात, जुन्या अहवालातील आकृत्या चिकटवतात आणि प्रमाणपत्र घेऊन परततात. असे प्रशिक्षण न केलेलेच बरे. सूतगिरणीत गेलात तर पहिला दिवस यंत्रे पाहण्यात घालवू नका. १७० किलोची एक गाठ कोठे उघडली जाते ते शोधा आणि त्या कापसाबरोबर चालत जा: ब्लोरूममध्ये तो मोकळा आणि स्वच्छ होतो, कार्डिंगमध्ये तंतू सुटे होऊन पेळू तयार होतो, ड्रॉफ्रेमवर अनेक पेळू एकत्र ओढून समान केले जातात, कोंबरवर आखूड तंतू निघून जातात, सिम्प्लेक्सवर पेळू बारीक होऊन त्याला थोडा पीळ मिळतो, रिंगफ्रेमवर सूत होते आणि ऑटोकोनरवर त्यातील दोष कापून कोन भरले जातात. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: येथे बिघडले तर पुढे कापडावर काय दिसेल? उत्तर देणारी व्यक्ती बहुधा अभियंता नसते. ती जॉबर, फिटर किंवा पंचवीस वर्षे त्याच साच्यांवर उभी राहिलेली कामगार असते. त्यांना आदराने, नावापुढे दादा किंवा मावशी लावून विचारा, त्यांच्या कामाच्या आड येऊ नका, आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुस्तकात ज्याला दोषाचे शास्त्रीय नाव आहे, त्याला खात्यात भलतेच नाव असते, आणि दोन्ही ठाऊक असणे गरजेचे आहे.

किमान एक आठवडा रात्रपाळीत जाण्याची परवानगी मागा. यंत्र बंद पडते, वरिष्ठ घरी असतात आणि निर्णय पर्यवेक्षकाला एकट्याने घ्यावा लागतो, ती वेळ तेथेच पाहायला मिळते. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज कानांना इजा करण्याइतका असतो, तेव्हा कानात बोळे घालावेत, आजूबाजूचे कोणी घालत नसले तरी घालावेत. कार्डिंगच्या धुळीत तोंडाला मास्क असावा. कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा बिसिनोसिस हा आजार होतो, हे वस्त्रशाखेच्या विद्यार्थ्याने इतरांच्या आधी जाणले पाहिजे, कारण उद्या त्याच खात्यात शंभर माणसांची जबाबदारी त्याच्यावर असणार आहे.

रंग आणि पाणी

विणाईच्या ओढीने अनेक जण रंगाईचा भाग परीक्षेपुरता वाचतात. प्रत्यक्षात ग्राहकाची सर्वाधिक तक्रार रंगाची असते. कोणत्या तंतूला कोणता रंग लागतो आणि का लागतो, हे समजून घ्यावे. कापसाच्या सेल्युलोजशी रिॲक्टिव्ह रंगाचा रासायनिक बंध जुळतो, म्हणून तो धुण्याला टिकतो. परंतु रंगाचा काही भाग तंतूऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतो आणि भरपूर मिठासह सांडपाण्यात जातो. पॉलिएस्टरची रचना घट्ट असल्याने डिस्पर्स रंग आत शिरण्यासाठी दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवावे लागते. लोकर, रेशीम आणि नायलॉन यांना आम्लरंग लागतात. आता पॉलिएस्टर-सुती मिश्र कापड दोनदा का रंगवावे लागते, आणि त्याची किंमत कशामुळे वाढते, हे वेगळे सांगावे लागणार नाही. रंग धुण्याला किती टिकतो ते १ ते ५ आणि उजेडात किती टिकतो ते १ ते ८ या श्रेणीत मोजतात. एकदा तरी स्वतः नमुना धुऊन, करड्या पट्टीशी ताडून अंक द्यावा आणि मग शिक्षकांनी दिलेला अंक पाहावा. पहिल्या वेळी दोन्ही क्वचितच जुळतात.

सांडपाण्याचे ज्ञान आता या व्यवसायात ऐच्छिक राहिलेले नाही. तिरुपूरमधील रंगाई कारखाने मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये बंद करावे लागले होते, आणि पुढे तेथे सांडपाणी बाहेर न सोडता शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था उभी राहिली. पाण्याचा हिशेब मांडता येणारा आणि कमी मिठात, कमी पाण्यात तीच छटा आणून दाखवणारा अभियंता आज कोणत्याही प्रोसेस हाऊसला हवा असतो. या विषयातील एखादा प्रकल्प शेवटच्या वर्षी घेतला तर तो वाया जात नाही.

कामाच्या जागा

सूतगिरणी आणि विणाई-कारखान्यातील उत्पादन विभाग हे सर्वांत मोठे दार आहे. सुरुवातीचा पगार माफक असतो, पाळ्या असतात आणि गाव बहुधा लहान असते. हे आधी मान्य करूनच जावे. पण दोन-तीन वर्षे खात्यात काढलेल्या माणसाला पुढे गुणवत्ता, नियोजन, यंत्रविक्री, निर्यात अशा कोणत्याही बाजूला वळता येते, आणि थेट कार्यालयात बसलेल्याला ते तितके सहज साधत नाही, असे माझे ठाम मत आहे. महाराष्ट्रातील सहकारी सूतगिरण्यांमध्येही काम असते, मात्र त्यातील अनेक आर्थिक अडचणीत आहेत, तेव्हा रुजू होण्यापूर्वी गिरणी किती चात्यांवर आणि किती पाळ्यांत चालू आहे याची चौकशी करावी.

कापडाची पारख आणि बोलण्याची हातोटी दोन्ही असतील, तर निर्यातगृहातील मर्चंडायझिंग चांगले. तेथे परदेशी ग्राहकाची मागणी आणि कारखान्याची क्षमता यांच्यात दुवा व्हावे लागते. ज्याला शांतपणे, काटेकोर काम आवडते त्याने चाचणी-प्रयोगशाळांकडे पाहावे. मुंबईत मुख्यालय असलेल्या वस्त्रसमितीच्या प्रयोगशाळा देशभर आहेत, खासगी प्रयोगशाळाही आहेत. संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी मुंबईतच मोठा ठेवा आहे: माटुंग्याची सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था १९२४ पासून काम करते, घाटकोपरची बिट्रा आणि वरळीची सस्मिरा आहेत, आणि राज्याबाहेर अहमदाबादची अटिरा व कोइंबतूरची सिट्रा.

तांत्रिक वस्त्रे हा विषय आता कोणी टाळू नये. रस्त्याखालील भूवस्त्रे, शस्त्रक्रियेतील धागे व जाळ्या, शेतातील शेडनेट, अग्निशामकाचा पोशाख, मोटारीतील एअरबॅग ही सर्व कापडेच आहेत, फक्त त्यांचे मोल सौंदर्याने नव्हे तर कामगिरीने ठरते. केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. भूवस्त्रांसाठी बिट्रा आणि कृषिवस्त्रांसाठी सस्मिरा ही उत्कृष्टता केंद्रे आहेत, म्हणजे मुंबईच्या विद्यार्थ्याला लोकलने जाऊन त्यांची प्रयोगशाळा पाहता येते. पीएम मित्र योजनेतील देशभरच्या सात वस्त्रोद्योग उद्यानांपैकी एक अमरावतीला होत आहे, आणि कापूस पिकतो तेथेच कापड व्हावे हे विदर्भाचे जुने मागणे त्यातून किती पुरे होते याकडे तेथील विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवावे.

पुढचे शिक्षण

एम.टेक. करायचे असेल तर गेट परीक्षेत वस्त्र-अभियांत्रिकी व तंतुशास्त्र असा स्वतंत्र पेपर असतो. त्यात तंतू, सूत, कापड, चाचणी आणि रासायनिक प्रक्रिया यांच्या जोडीला अभियांत्रिकी गणित येते, आणि आमच्या शाखेतील मुले गुण गमावतात ती बहुधा गणितात व सामान्य क्षमतेच्या भागात. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत हे दोन भाग उरकून टाकावेत. नोकरी करताना शिकायचे असेल तर द टेक्स्टाइल असोसिएशन (इंडिया) या संघटनेच्या एटीए आणि जीएमटीए या परीक्षा आहेत. गिरणीत काम करीत पुढे आलेल्या अनेकांनी त्यांचा आधार घेतला आहे. परदेशात नॉर्थ कॅरोलिना स्टेट, मँचेस्टर, आखेन, ड्रेस्डेन आणि गेंट येथील विद्यापीठांत वस्त्रविद्येची मोठी परंपरा आहे. जर्मनीचा विचार असेल तर भाषा दुसऱ्या वर्षापासूनच शिकायला घ्यावी, कारण अभ्यासक्रम इंग्रजीत मिळाला तरी तेथील कारखान्यात प्रशिक्षण मिळवताना जर्मन लागतेच.

मुलाखत

चांगल्या मुलाखतीत प्रश्नांआधी कापड येते. टेबलापलीकडची व्यक्ती एक तुकडा पुढे सरकवते आणि म्हणते, याबद्दल सांगा. घाई करू नका. तुकडा उजेडात धरा, दोन्ही बाजू पाहा, किनार शोधा, हातात चुरगाळून सोडा आणि घडी किती राहते ते पाहा. परवानगी मागून एक आडवा व एक उभा धागा सोडवा, पीळ उलगडून तंतू आखूड आहेत की सलग ते पाहा. पिकग्लास खिशात असेलच. मग बोलू लागा: आधी जे दिसले ते, मग जे मोजले ते, आणि शेवटी अंदाज, तोही अंदाज आहे असे सांगून. समोरची व्यक्ती कापडातील एखाद्या दोषावर बोट ठेवून हे कशामुळे, असे विचारील तेव्हा एकच कारण ठासून सांगू नका. कोणत्या क्रमाने शोध घ्याल ते सांगा. आडवा पट्टा असेल तर आधी त्याची लांबी मोजेन, मग दोन्हीकडचे धागे काढून तोलेन, मग पीळ, मग दिव्याखाली कापूस, आणि हे सगळे जुळले तरच रंगाईकडे जाईन, असे म्हणा. त्यावर फूटपट्टी पुढे सरकवली गेली, तर ती घ्या आणि मोजायला लागा.